जठरशस्त्रक्रियेनंतरचे उत्तरकालीन आंत्रविकार : एक ऐतिहासिक आलोचन

जठरावरील शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना आरंभ बहुधा २९ जानेवारी १८८१ या दिवसापासून केला जातो. या दिवशी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोट यांनी एका ४३ वर्षांच्या स्त्रीच्या जठराचा कर्करोगग्रस्त निर्गमभाग कापून काढला व उरलेले जठर आद्यांत्राला जोडले. तत्पूर्वी १८७९ मध्ये पॅरिस येथे पेआं यांनी आणि १८८० मध्ये कुल्म येथे रिडिगिअर यांनी हाच प्रयत्न केला होता. परंतु त्यांचे रुग्ण वाचले नव्हते. बिलरोट यांची रुग्ण शस्त्रक्रियेतून उठली, अन्न घेऊ लागली, आणि सुमारे चार महिन्यांनी मूळ रोगाच्या प्रसारामुळे मरण पावली. या घटनेचे वर्णन शल्यविद्येचा विजय असे केले जाते व ते यथार्थच आहे. तथापि त्या चार महिन्यांकडे आणखीही एका दृष्टीने पाहता येते. जोडलेल्या आतड्याचे पुढे दहा-वीस वर्षांनी काय होते, हा प्रश्न एवढ्या अवधीत उद्भवतच नाही.

उत्तरकालीन विकार उद्भवण्यास प्रथम रुग्ण दीर्घकाळ जगावा लागतो. ही गोष्ट वरवर पाहता क्षुल्लक वाटते. परंतु या विषयाच्या इतिहासातील बहुतेक वळणांचे मूळ तीतच आहे. जठर व आतडे यांचा जोड प्रथम घातला गेला तो कर्करोगाच्या, म्हणजे अल्पायुषी, रुग्णांत. तोच जोड पुढे व्रणाच्या रुग्णांत, म्हणजे ऐन उमेदीतल्या माणसांत, घातला जाऊ लागला तेव्हा त्याचे दोष एकामागून एक प्रकट झाले. आणि हे दोष ज्या शल्यचिकित्सकाने जोड घातला त्याच्यासमोर क्वचितच येत. ते येत दुसऱ्याच गावच्या, दुसऱ्याच पिढीच्या वैद्यासमोर.

१८८१ च्या सप्टेंबरमध्ये बिलरोट यांचे सहायक अँटोन व्योल्फ्लर यांच्यासमोर एक असा रुग्ण आला की, त्याच्या जठरनिर्गमाचा कर्करोग काढून टाकणे अशक्य होते. उदर उघडून पुन्हा तसेच शिवून टाकण्याची वेळ आली असता उपस्थितांपैकी निकोलाडोनी यांनी सूचना केली की, लहान आतड्याचा एखादा वेढा वर ओढून थेट जठराला जोडावा, म्हणजे अन्नास वाट मिळेल. व्योल्फ्लर यांनी तसे केले. जठरांत्रजोड या नावाने पुढे जगभर रूढ झालेली शस्त्रक्रिया अशी ऐनवेळच्या निकडीतून जन्मास आली. १८८५ मध्ये बिलरोट यांनी रोगग्रस्त भाग काढून टाकणे व हा जोड घालणे या दोन्ही क्रिया एकत्र केल्या. तीच बिलरोट यांची दुसरी पद्धती होय.

निसर्गाने आतड्यांची जी मांडणी केली आहे तीत अन्नाची वाट एकच आहे. जठरातून आद्यांत्र, तेथून रिक्तांत्र, पुढे शेषांत्र व अखेरीस मोठे आतडे असा हा मार्ग कोठेही फुटत नाही. जठरांत्रजोडाने या एकपदरी वाटेला फाटा फुटतो. जोडाच्या एका बाजूस पित्त व स्वादुपिंडाचा रस घेऊन येणारी भुजा आणि दुसऱ्या बाजूस अन्न पुढे नेणारी भुजा अशा दोन भुजा निर्माण होतात. एवढेच नव्हे, तर वर ओढलेला वेढा आपल्या आंत्रबंधासह उदरात एक नवीन कमान उभी करतो आणि कमानीखाली अर्थातच पोकळी असते. शस्त्रक्रियेचे वर्णन करणारे ग्रंथ जोडाच्या टाक्यांविषयी पानेच्या पाने लिहीत. या पोकळीचा उल्लेख आरंभीच्या ग्रंथांत नव्हता.

प्रथम लक्षात आले ते दोन भुजांचे दुखणे. काही रुग्णांत पित्त पुढे जाण्याऐवजी जठरात साचे व रुग्ण अखंड पित्तवमनाने खंगून जाई. तत्कालीन शल्यचिकित्सकांनी यास दुष्टचक्र असे नाव दिले होते. त्यावर १८९२ मध्ये हाइनरिख ब्राउन यांनी दोन भुजा खालच्या बाजूस परस्परांना जोडण्याचा उपाय सुचविला. लोझानचे सेझार रू यांनी त्याच दशकात आणखी मूलगामी मार्ग काढला. त्यांनी आतडे तोडून त्याचे खालचे टोक जठरास व वरचे टोक पुढे आतड्याच्याच कुशीत जोडले. त्या आकृतीचे रोमन वाय या अक्षराशी साम्य असल्याने ती त्याच अक्षराच्या नावाने ओळखली जाते. पित्ताचा प्रश्न सुटला. परंतु रू यांच्या रुग्णांत जोडापाशी नवे व्रण होऊ लागले आणि ही सुबक योजना त्या काळापुरती मागे पडली. आम्लास निष्प्रभ करणारा रस जोडापासून दूर नेला तर तेथील आतडे उघडे पडते हे त्यामागचे कारण होय. मान व विल्यम्सन यांनी अमेरिकेत कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून ते १९२३ मध्ये सिद्ध झाले.

दरम्यान रुग्णांचे स्वरूप पालटत होते. रिडिगिअर यांनी १८८१ मध्येच व्रणासाठी जठरछेदन यशस्वी करून दाखविले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी आद्यांत्रव्रण हे जठरांत्रजोडाचे प्रमुख निमित्त झाले व लीड्सचे मॉयनिहन यांच्यासारख्या कुशल हातांत ही शस्त्रक्रिया सुरक्षित झाली. रुग्ण तरुण होते, दोन आठवड्यांत घरी जात, वेदनामुक्त होत. रुग्णालयाच्या वार्षिक वृत्तांत ते बरे झालेल्यांच्या रकान्यात मोडत आणि तेथेच त्यांची नोंद संपे.

प्रत्यक्षात नोंद संपावयास नको होती हे दाखविणारी चार निरीक्षणे अवघ्या पंधरा वर्षांत प्रसिद्ध झाली. १८९९ मध्ये ब्राउन यांनी जोडाच्या पलीकडे, निरोगी रिक्तांत्रात, झालेल्या व्रणाचे वर्णन केले. १९०० मध्ये हायडेलबर्गचे वाल्टर पेटर्सन यांनी वर सांगितलेल्या कमानीखालून आतडी सरकून पिळली गेल्याचे रुग्ण नोंदविले. १९०३ मध्ये त्याच नगरीचे चेर्नी यांनी जठर, रिक्तांत्र व मोठे आतडे यांना एकत्र जोडणारा नालव्रण वर्णिला. १९१४ मध्ये बोझी या इटालियन वैद्याने रिक्तांत्र जोडातून उलटे जठरात शिरल्याचा पहिला वृत्तान्त दिला. जठरांत्रजोडाच्या दुर्मिळ उत्तरविकारांची रूपरेषा पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच पूर्ण झाली होती, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. पुढील शतकात तीत भर थोडी पडली. तिचे विस्मरण मात्र पुष्कळ झाले.

या चारांपैकी नालव्रणाची कथा विशेष उद्बोधक आहे. जोडापाशी झालेला व्रण खोल जात जात शेजारच्या आडव्या मोठ्या आतड्यास भिडतो, त्याची भिंत भेदतो आणि जठर, रिक्तांत्र व मोठे आतडे ही तिन्ही एका छिद्राने परस्परांत उघडतात. यास वर्षे लागतात. मग रुग्णास अतिसार सुरू होतो, वजन झपाट्याने उतरते, श्वासाला व ढेकरांना विष्ठेची दुर्गंधी येते, आणि अखेरीस तो अस्थिपंजर होतो. याचे स्पष्टीकरण अनेक वर्षे सरळ वाटेने दिले गेले: अन्न जठरातून थेट मोठ्या आतड्यात पडते, लहान आतडे टाळले जाते, म्हणून पोषण होत नाही. तर्क निर्दोष दिसत असे. परंतु क्ष-किरण तपासणीत एक विसंगती वारंवार आढळे. रुग्णास बेरियम पाजून छायाचित्र घेतले असता छिद्र पुष्कळदा दिसतच नसे. उलट गुदद्वारातून बेरियमचा बस्ती दिला असता ते तत्काळ जठरात चढलेले दिसे. म्हणजे छिद्रातील प्रवाह मुख्यतः वरून खाली नसून खालून वर होता.

या विसंगतीचा अर्थ शस्त्रक्रियेच्या मेजावर उलगडला. अशा क्षीण रुग्णात नालव्रण एकाच बैठकीत काढून टाकण्याचा यत्न केला असता मृत्यूचे प्रमाण भयावह असे. १९३९ मध्ये अमेरिकेतील फायफर व केंट यांनी प्राथमिक उपाय म्हणून छिद्राच्या अलीकडे मोठे आतडे पोटाच्या भिंतीवर उघडून मलमार्ग वळविण्याच्या पद्धतीचे महत्त्व मांडले. छिद्र तसेच राहिले, जठरातून खाली जाणारी वाट तशीच उघडी होती; तरीही अतिसार थांबला व रुग्णाचे वजन वाढू लागले. अन्न निसटून जाणे हे खरे कारण असते तर असे घडले नसते. मोठ्या आतड्यातील जंतुयुक्त मल वर चढून लहान आतड्याची पचनशक्ती नष्ट करीत होता. रुग्ण सावरल्यावर मुख्य शस्त्रक्रिया आणि त्यानंतर मलमार्ग पूर्ववत करणे अशी तीन टप्प्यांची पद्धती त्यानंतर काही काळ मान्य झाली. पुढे प्रतिजैविके व शिरेवाटे पोषण यांमुळे एका बैठकीत काम उरकणे शक्य झाले. एका दुर्मिळ उपद्रवाने आतड्यातील जंतू व पोषण यांचा संबंध असा उघड केला, ही या प्रकरणाची खरी मातब्बरी होय.

बोझी यांनी वर्णिलेला उलटा आंत्रांत्रनिवेश याहूनही विरळ आहे. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरणे हा विकार बालकांत परिचित आहे; तेथे वरचा भाग खालच्यात शिरतो. येथे दिशा उलटी असते: अन्न पुढे नेणारी भुजा बहुतांशी मागे फिरून जोडातून जठरात घुसते. काही रुग्णांत हे शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच, तर काहींत दोन-तीन दशकांनी घडल्याची नोंद आहे. एकाएकी उठणारी उदरवेदना, वरच्या पोटात हाताला लागणारी गाठ आणि रक्तमिश्रित वमन ही तीन लक्षणे एकत्र आली तर निदान सोपे. पण ती एकत्र येतातच असे नाही. रक्तवमन पाहून वैद्याचे चित्त व्रणाकडे वळते आणि तेवढ्यात जठरात अडकलेले आतडे काळे पडू लागते. येथे तासांचा हिशेब असतो. वीस वर्षांपूर्वीची शस्त्रक्रिया रुग्णाने सांगितली नाही, वा वैद्याने विचारली नाही, तर तो हिशेब चुकतो.

इतर विकार थोडक्यात सांगता येतील. पित्तवाहक भुजेला अडथळा होऊन जेवणानंतर पोट फुगणे व एकाएकी भळभळून पित्तवमन होताच आराम पडणे हे लक्षणसंकुल १९५० च्या सुमारास स्वतंत्र नावाने ओळखले जाऊ लागले. जठराचा अन्न भरडणारा भाग गेल्यामुळे नीट न चावलेल्या संत्र्याच्या फोडी तशाच पुढे जाऊन शेषांत्रात बुचासारख्या अडकल्याचे रुग्ण युरोपात अनेक नोंदले गेले. त्यांत दात पडलेले वृद्ध अधिक. शल्यचिकित्सेच्या गंभीर ग्रंथांत संत्रे कसे खावे याविषयीचा उपदेश आढळतो तो यामुळेच.

विकार दुर्मिळ आहेत असे म्हणताना दुर्मिळता मोजली कोणी हा प्रश्न उपस्थित होतो. न्यूयॉर्क येथील लुईझोन यांनी आपल्या रुग्णालयात १९१५ ते १९२० या काळात जठरांत्रजोड केलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला व १९२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना जोडाजवळील व्रणाचे प्रमाण ३४ टक्के आढळले. तोवर हा आकडा शेकडा दोन-तीनांच्या घरात मानणारे शल्यचिकित्सक थोडेथोडके नव्हते. त्यांचे आकडे खोटे नव्हते. ते केवळ लवकर मोजलेले होते. लुईझोन यांच्या निष्कर्षास विरोध झाला, त्यांची संख्या अतिशयोक्त ठरविण्याचेही यत्न झाले, परंतु केवळ जोड घालून भागत नाही ही जाणीव दृढ झाली. त्यानंतर आम्ल निर्माण करणारा जठराचा मोठा भाग काढून टाकण्याकडे, आणि १९४३ मध्ये शिकागोच्या ड्रॅगस्टेट यांनी प्राणेशा तंत्रिकेच्या छेदनाचा मार्ग पुनः खुला केल्यावर तिकडे, शल्यचिकित्सकांचा कल झाला. गंमत अशी की, तंत्रिका छेदल्यावर जठराची हालचाल मंदावते म्हणून अन्नास वाट देण्यासाठी पुष्कळांनी पुन्हा जठरांत्रजोडच पत्करला.

भारताचा या इतिहासाशी संबंध येतो तो मुख्यत्वे दक्षिणेकडून. आद्यांत्रव्रणाचे प्रमाण तेथे विलक्षण होते. एव्हरेस्टच्या १९२२ व १९२४ च्या मोहिमांत भाग घेतलेले शल्यचिकित्सक हॉवर्ड सॉमरवेल हे पुढे त्रावणकोरातील नेय्यूर येथे मिशन रुग्णालयात राहिले. तेथील २,५०० शस्त्रक्रियांवर आधारलेला त्यांचा व ऑर यांचा निबंध १९३६ मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका खेडेवजा गावच्या रुग्णालयातील हा आकडा कोणत्याही युरोपीय राजधानीस हेवा वाटावा असा आहे. परंतु हे रुग्ण दूरदूरच्या खेड्यांतून येत व तेथेच परत जात. न्यूयॉर्कमध्ये जशी रुग्णांना पुनः बोलावून तपासणी झाली तशी येथे सर्वांची होणे व्यवहारतः कठीण होते. तंत्रिकाछेदन व जठरांत्रजोड ही जोडगोळी भारतात १९७० नंतरही पुष्कळ वर्षे प्रचलित राहिली. ज्यांच्यावर ती झाली त्यांपैकी बहुतेक सुखाने जगले. मोजके लोक अतिसाराने खंगून वा रक्त ओकत कोठल्यातरी तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचले, आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत अधूनमधून प्रसिद्ध होणारी एकेकट्या रुग्णांची वृत्ते हाच त्यांचा इतिहास.

व्रणासाठीची शस्त्रक्रिया नंतर ओसरली. १९७६ मध्ये सिमेटिडीन हे आम्लरोधक औषध प्रचारात आले. १९८२ मध्ये पर्थ येथे वॉरेन व मार्शल यांना जठरातील सर्पिल जंतूचे संवर्धन साधले व व्रण हा प्रायः जंतुजन्य रोग ठरला. २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गोळ्यांच्या एका लहान क्रमाने जे काम होते त्यासाठी उदर उघडण्याचे प्रयोजन उरले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस शिकून बाहेर पडलेल्या अनेक शल्यचिकित्सकांनी व्रणासाठी केलेला जठरांत्रजोड प्रत्यक्ष पाहिलाही नसेल. शस्त्रक्रिया गेली तशी तिच्या उपद्रवांची माहितीही पाठ्यपुस्तकांतून आक्रसत गेली. माणसे मात्र गेली नव्हती. तिशीत जोड घातलेली माणसे सत्तरीला पोहोचत होती.

विस्मरणाचे मूल्य प्रथम भरावे लागले ते या वृद्धांना नव्हे, तर अगदी नव्या प्रकारच्या रुग्णांना. १९६६ मध्ये आयोवा येथे मेसन यांनी अतिस्थूल रुग्णांत जठराचा लहानसा कप्पा वेगळा करून तो आतड्याच्या वेढ्यास जोडण्याची शस्त्रक्रिया केली. जठरछेदनानंतर रुग्ण कृश होतात, हा व्रणशस्त्रक्रियेचा जुना दोष त्यांनी गुण म्हणून योजिला होता. १९७७ मध्ये ग्रिफेन यांनी साध्या वेढ्याऐवजी रू यांची रचना स्वीकारली, आणि १९९० नंतर हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीच्या साहाय्याने, लहान छिद्रांतून होऊ लागली. पोट न उघडल्याने आतडी परस्परांस चिकटण्याचे प्रमाण घटले व त्याचे स्वागत झाले. परंतु उदर उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत कमानीखालची पोकळी पुष्कळदा या चिकटण्यानेच बुजत असे. आता ती मोकळी राहिली. शिवाय रुग्ण सडपातळ होऊ लागताच आंत्रबंधातील मेद झडून ती अधिकच रुंदावे. परिणामी वर्ष-दोन वर्षांनी, वजन मनासारखे उतरलेला रुग्ण जेवणानंतरच्या पोटदुखीची तक्रार घेऊन येई. जठर वगळलेले असल्याने पित्तवमन नाही, साध्या क्ष-किरण चित्रात काही नाही, आणि आत आतडी पिळलेली. ज्या जागेतून ती सरकत तिला शल्यचिकित्सक पुन्हा पेटर्सन यांच्या नावाने ओळखू लागले. १९०० चा तो निबंध शंभर वर्षांनी नव्याने उद्धृत होऊ लागला.

कॅलिफोर्नियातील हिगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आपल्या २,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६३ जणांत, म्हणजे शेकडा तीनांहून किंचित अधिकांत, असा अंतर्गत अंतर्गळ आढळला होता. पोकळी शिवून टाकावी हा उपाय सुचणे कठीण नव्हते. पण नेमका लाभ किती, हे बारा स्वीडिश केंद्रांतील २,५०७ रुग्णांवर झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक परीक्षणातून स्पष्ट झाले. पोकळी न शिवलेल्यांत तीन वर्षांत आंत्ररोधासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण १०.२ टक्के, तर शिवलेल्यांत ५.५ टक्के होते. मात्र शिवलेल्यांत पहिल्या महिन्यातील गंभीर उपद्रव २.८ टक्क्यांवरून ४.३ टक्क्यांवर गेले; कारण शिवताना आतड्यांचा खालचा जोड कधी कधी दुमडला जाई. येथेही जुनेच द्वंद्व पुढे येते. जो टाका तीन वर्षांनंतरच्या रुग्णास वाचवितो तोच पहिल्या आठवड्यातील रुग्णास धोक्यात घालू शकतो, आणि रुग्णालयाच्या मासिक तक्त्यात दिसतो तो पहिला आठवडा.

रुग्णांना सात-आठ दशकांची आयुर्मर्यादा असताना तीन वर्षांचा मागोवाही अल्पच म्हटला पाहिजे. साधा वेढा वर ओढून एकच जोड घालण्याची बिलरोट यांच्या दुसऱ्या पद्धतीशी साम्य असलेली रचनाही १९९७ नंतर रटलेज यांच्या प्रयत्नांनी स्थूलतेच्या शस्त्रक्रियेत परतली असून भारतात ती मोठ्या प्रमाणावर केली जाते. तिच्या पहिल्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेस अद्याप तीस वर्षेही पुरती झालेली नाहीत.